पानाची मागची बाजू

प्रिय अनन्या आणि ईशान,

परवा अनन्याने तिच्या खिडकीतल्या झाडाचा फोटो पाठवला. पानं फिकट पडलेली, त्यांवर सुईने टोचल्यासारखे पांढुरके ठिपके. खाली विचारलं होतं, "आजी, याला खत कमी पडतंय का?" मी दोनच शब्द लिहिले, "पान उलट." तासाभराने दुसरा फोटो आला. पानामागे, मधल्या शिरेच्या कडेने, बारीक जाळं होतं. सोबत रडक्या चेहऱ्यांची एक रांग.

करायचं काय ते मी तुला फोनवर सांगितलं आहेच. एक गोष्ट सांगायची राहिली. ते दोन शब्द माझे नव्हेत. ते आपल्या इमारतीतल्या हमीद मणियारांचे. तुम्हाला ते आठवतील. गच्चीवर गळ्यात काळा दोरा आणि दोऱ्याला भिंग अडकवून फिरणारे, ज्यांना ईशान लहानपणी 'एका डोळ्याचे आजोबा' म्हणायचा, तेच. मणियार गेल्या महिन्यात गेले. त्यांनी मला झाडांकडे बघायला शिकवलं, आणि त्यांच्या घरची सर्वांत जपलेली वस्तू मी एकदा जवळजवळ मारली. वर फोनवर त्यांच्याशी खोटंही बोलले. हे सगळं आता माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते. मराठी वाचताना अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही सराव होईल.

मणियार घड्याळं दुरुस्त करत. शनिवार पेठेत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे आपल्या कपड्यांच्या कपाटापेक्षा थोडं मोठं. आत एक स्टूल, एक काचेचं टेबल, आणि टेबलामागे उजव्या डोळ्यात भिंग चिमटीसारखं धरून बसलेले मणियार. त्या भिंगाला ते 'आयग्लास' म्हणत. गिऱ्हाईक आलं तर मान वर न करता विचारत, "पडलं की पाडलं?" लोक म्हणत, आपोआप बंद झालं. त्यावर ते म्हणत, "असं का! मग आपोआप चालू होईपर्यंत थांबू या." तुमच्या आजोबांचं लग्नातलं घड्याळ त्यांनी तीनदा जिवंत केलं. त्यातूनच दोघांची मैत्री झाली आणि मी त्यांची 'वहिनी' झाले.

मोबाइल आले, लोकांची मनगटं मोकळी झाली, आणि मणियारांनी दुकान बंद केलं. आयग्लास मात्र गळ्यातून उतरला नाही. ते आपल्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत. गच्चीवर एका बाजूला माझ्या बेचाळीस कुंड्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या नऊ. माझ्या कुंड्या एका मापाच्या, चार रांगांत, प्रत्येकीला क्रमांक आणि शास्त्रीय नावाची पट्टी. पस्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यावर दुसरं काय होणार? त्यांच्या नऊ म्हणजे रंगाचे डबे, फुटका माठ आणि एक जुनी बादली. पहिल्यांदा माझी बाग बघून ते म्हणाले, "छान आहे वहिनी. शाळेची प्रार्थना चालू आहे असं वाटतं. कोणी शिंकत नाही ना मधेच?"

ते झाडांशी उर्दूत बोलत, माझ्याशी मराठीत, आणि सोसायटीच्या चेअरमनशी अजिबात बोलत नसत.

त्यांचा पहिला धडा मला एका मार्च महिन्यात मिळाला. माझे झेंडू अचानक निस्तेज झाले होते. मी पुस्तक काढलं, खत दिलं, पाणी वाढवलं, कुंड्या सावलीत हलवल्या. काही फरक नाही. मणियार पलीकडे डबे हलवत होते. मी हाक मारली. ते आले, आणि फुलाकडे, वरच्या पानाकडे बघितलंसुद्धा नाही. एक खालचं पान अंगठ्याने उलटं केलं. घड्याळाचं मागचं झाकण उघडतात तसं.

"घड्याळ समोरून कधी तक्रार सांगत नाही," ते म्हणाले. "काटे बिचारे दाखवायचं तेच दाखवतात. कागद आहे का पांढरा?"

माझ्याजवळ एक लग्नपत्रिका होती. तिची कोरी बाजू त्यांनी पानाखाली धरली आणि पानावर बोटाने दोनदा टिचकी मारली. कागदावर धूळ पडली.

"धूळ आहे," मी म्हटलं. "शेजारचं बांधकाम."

"हो का? जरा थांबा."

आम्ही थांबलो. धुळीतले काही कण हलले आणि कागदाच्या कडेकडे निघाले.

"धूळ चालत नाही वहिनी," मणियार म्हणाले, आणि गळ्यातला आयग्लास काढून माझ्या हातात दिला.

त्या भिंगातून मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. आठ पायांचा, काचेसारखा पिवळसर जीव. पाठीवर दोन काळपट डाग. शेजारी पानाच्या लवेत अडकलेली गोल, पारदर्शक अंडी, एकेक मोत्यासारखं. रंग पिवळसर असला तरी शेतकरी याला लाल कोळी म्हणतात. अनन्या, तुझ्या खिडकीत आहेत ते त्यांचेच भाऊबंद. हा किडा नव्हे, कोळ्याच्या जातीचा. पानामागे बसून रस पितो, म्हणून वर ठिपके दिसतात. त्याला उष्ण, कोरडी, धुळकट हवा आवडते. पुण्याचा उन्हाळा आणि तुमच्याकडची हिवाळ्यातली तापवलेली खोली, दोन्ही त्याला सारखंच माहेर.

"आता औषध?" मी विचारलं.

"पाणी," मणियार म्हणाले. "खालून वर. त्यांच्या घरात. वरून घातलंत तर ते छत्रीखाली बसल्यासारखे मजेत बघत बसतात."

नवीन झाडाच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. एकदा चेअरमनसाहेबांनी वाढदिवसाच्या निमित्ताने सगळ्यांना शेवंतीची एकेक कुंडी वाटली. मी ती लगेच तिसऱ्या रांगेत बसवायला निघाले. मणियारांनी कुंडी माझ्या हातातून घेतली आणि पाण्याच्या टाकीमागे, एकटी, सगळ्यांपासून दूर ठेवली. चेअरमन गच्चीवर आले तर समोर हे दृश्य.

"अहो, हे काय? मी दिलेली कुंडी टाकीमागे?"

मणियारांनी पहिल्यांदाच त्यांच्याशी संवाद केला. "तीन आठवडे तिथे राहील. नवीन आहे."

"तीन आठवडे? मणियार, झाड आहे ते, कैदी नाही!"

"तुमच्याकडे भाडेकरू येतो तेव्हा तुम्ही पोलिसांकडे कागद पाठवताच की. मी फक्त पानं उलटून बघणार आहे."

चेअरमन रागावून खाली गेले. दुसऱ्या आठवड्यात त्या शेवंतीच्या शेंड्यावर जाळं दिसलं. मणियारांनी पानाचा एक तुकडा पांढऱ्या लिफाफ्यात घालून चेअरमनच्या दारात सरकवला. लिफाफ्यावर लिहिलं होतं, 'भाडेकरू सापडला.'

आता गुलाबाबद्दल.

मणियारांच्या नऊ डब्यांतल्या त्या जुन्या बादलीत एक गावठी गुलाब होता. फूल फिकं गुलाबी, पाकळ्या विस्कटलेल्या, दिसायला अगदी साधं; वास मात्र जिन्यापर्यंत यायचा. तो रुकय्याभाभींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा. भाभींचं माहेर लोणी काळभोरचं. तिथल्या भावाच्या मळ्यातली एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून त्या बसने घेऊन आल्या होत्या. भाभी गेल्यानंतर मणियार दर शुक्रवारी एक फूल तोडत, रुमालात ठेवत, आणि नमाज झाल्यावर कबरस्तानात भाभींच्या कबरीवर ठेवून येत. फूल नसलं तर कळी. कळी नसलीच तर दोन कोवळी पानं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी शुक्रवारी रुमाल पाहत असे, एवढंच.

एका एप्रिलमध्ये त्यांच्या मुलीचं सोलापूरला ऑपरेशन ठरलं. पाच आठवडे जावं लागणार होतं. जायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि गळ्यातला आयग्लास काढून टेबलावर ठेवला.

"वहिनी, गुलाब तुमच्यावर. पाणी घाला आणि रोज दोन पानं उलटून बघा. या डोळ्याने बघा, चष्म्याने नको. बाकी काही करू नका."

"म्हणजे काही लागलं तर?"

"लागलं तर फोन करा. तुम्हाला काही करावंसं वाटलं तर आधी फोन करा. तुमचा स्वभाव मला माहीत आहे."

मी जरा दुखावले. इतक्या वर्षांत माझ्याकडून कधी पुस्तक हरवलं नव्हतं, झाड काय हरवणार होतं?

त्याच आठवड्यात शेजारची जुनी इमारत पाडायला घेतली. रोज सकाळी गच्चीवर पिठासारखी धूळ. मला धूळ सहन होत नाही हे तुमच्या बाबाला विचारा. मी एक मऊ कापड घेतलं, एक बादली पाणी घेतलं, आणि रोज सकाळी एकूण एक पान पुसू लागले. वरून आणि खालून. क्रमांक एकपासून बेचाळीसपर्यंत, आणि सगळ्यात शेवटी, जास्तीत जास्त काळजीने, रुकय्याभाभींचा गुलाब. आयग्लास मी टिशूपेपरमध्ये गुंडाळून, हरवू नये म्हणून, ड्रॉवरमध्ये ठेवला. पानं इतकी चकाकत होती की उलटून बघायची गरजच वाटली नाही. मी ती पुसतच होते ना!

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मणियारांचा फोन आला. मुलगी बरी होती. मग विचारलं, "गुलाब?"

"छान आहे."

"पानं उलटून बघता ना?"

"हो," मी म्हटलं.

त्या दिवशी गुलाब खरंच छान दिसत होता. पण मी बघितलं नव्हतं. हो म्हणणं सोपं होतं, म्हणून म्हटलं.

आठ दिवसांनी खालची पानं फिकटली. मग तांबूस झाली. मी ड्रॉवर उघडला, आयग्लास डोळ्याला लावला आणि पान उलटलं. मागे बाजार भरला होता. फोन करायला हवा होता. पण फोन केला असता तर आधीचं 'हो' खोटं ठरलं असतं. मी फोन केला नाही. बाजारात गेले आणि दुकानदाराला म्हटलं, जालीम काहीतरी द्या. त्याने दिलं. भर दुपारी, टळटळीत उन्हात, मी ते सगळ्या गच्चीवर फवारलं. संध्याकाळी फरशीवर लाल, ठिपक्यांचे ढालकिडे उलटे पडलेले होते. तुम्ही त्यांना लेडीबर्ड म्हणता. कोळी खाणारे तेच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पानामागचे कोळी बरेचसे वाचले, अंडी सगळी वाचली, आणि आता त्यांना खाणारं कोणी उरलं नव्हतं. आठवड्याभरात गुलाबाच्या एका शेंड्यापासून दुसऱ्या शेंड्यापर्यंत जाळं झालं. मग पानं गळू लागली.

मणियार परत आले त्या संध्याकाळी मी गच्चीच्या दारात उभी होते. त्यांनी बॅग घरात ठेवली आणि सरळ वर आले. बादलीत काटक्या उभ्या होत्या. त्यांतल्या एका काटकीवर चार पानं होती.

मी सगळं सांगितलं. फोनवरचं 'हो' सुद्धा.

त्यांनी ती चार पानं एकेक करून उलटली. मग विचारलं, "कापडं किती होती?"

"एक."

"आणि क्रम?"

"एक ते बेचाळीस. मग तुमचा."

"क्रम कधी चुकवला नाहीत ना?"

"नाही."

"मग तुम्ही त्यांना बससेवा दिलीत वहिनी. झेंडूपाशी बसले, शेवटच्या थांब्याला उतरले. चालावंसुद्धा लागलं नाही."

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही. ते खाली गेले आणि तीन दिवस वर आले नाहीत. त्या तीन दिवसांत मी जिन्यात त्यांच्या दाराशी दोनदा थांबले आणि बेल न वाजवता परत आले.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला बेल वाजली. दारात मणियार, हातात कात्री आणि प्लास्टिकच्या पिशव्या.

"चला. तुमची शिस्त आता कामाला लावू."

आम्ही गुलाब वीतभर ठेवून छाटला. छाटलेल्या फांद्या आणि गळलेली पानं पिशवीत घालून तोंड बांधून टाकली, झटकली नाहीत. माझ्या चार रांगा त्यांनी मोडल्या. एकीचं पान दुसरीला लागणार नाही एवढं अंतर ठेवायला लावलं. मग दर तिसऱ्या दिवशी नळी लावून, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून, प्रत्येक झाड खालून धुवायचं. "एकदा धुऊन काय होणार?" ते म्हणायचे. "अंडी पाण्याला घाबरत नाहीत. ती फुटतील तेव्हा आपण हजर पाहिजे." उन्हं उतरल्यावर कडुनिंबाचं तेल, साबणाच्या पाण्यात घुसळून, आधी एकाच पानावर. ते पान दोन दिवसांत भाजलं नाही तर मग बाकीच्यांवर. दुपारी फरशीवर पाणी मारायचं, म्हणजे हवा गार राहते. मी एक वही केली. कोणती कुंडी, कोणता दिवस, कागदावर किती ठिपके चालले. मणियार पहिल्या दिवशी वही बघून म्हणाले, "यांचा हजेरीपट काय करता?" दुसऱ्या आठवड्यात तेच विचारू लागले, "अठरा नंबरची किती हजेरी?"

गुलाब मात्र नुसता उभा होता. शुक्रवार येत होते. मणियार रुमाल घेऊन वर येत, काटक्यांकडे बघत, आणि रुमालाची घडी खिशात ठेवून तसेच जात. तिसऱ्या शुक्रवारी माझ्याने राहवलं नाही.

"मणियारभाई, मी मंडईतून गुलाब आणते. तिथे गावठीसुद्धा मिळतो."

ते थांबले. "नको वहिनी. दुकानातलं फूल नेलं तर ती विचारेल, माझ्या झाडाला काय झालं. मग मला तुमचं नाव सांगावं लागेल."

एवढं बोलून ते जिना उतरले. मी त्या दिवशी अठरा नंबरची हजेरी घेतली नाही.

आषाढात एका सकाळी बुंध्याशी तांदळाएवढा लालसर डोळा फुटलेला दिसला. मणियारांनी त्याला हात लावू दिला नाही. तो वाढला, पान झालं, ते उलटून पाहिलं, स्वच्छ होतं. मग दुसरं. श्रावणात कळी आली. ती फुलली त्या शुक्रवारी मणियार माझ्या दारात उभे राहिले. तळहातावर रुमाल, रुमालावर फूल.

"दाखवायला आणलंय. द्यायला नाही," ते म्हणाले.

संध्याकाळी परत आले तेव्हा मी विचारलं, "काय सांगितलंत भाभींना?"

"सांगितलं, मुलीकडे गेलो होतो. यायला उशीर झाला."

त्यानंतरही ते मला अधूनमधून 'बससेवा' म्हणत, पण चारचौघांत कधीच नाही.

शेवटची काही वर्षं त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली. आयग्लासमधूनही ढग दिसतात म्हणायचे. तरी पानाच्या मागून अंगठा फिरवून ते सांगत, इथे खरखर लागते, बघा. मी बघायची. बहुतेक वेळा ते बरोबर असत. मग त्यांचा मुलगा सलीम त्यांना हिंजवडीला, त्याच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी न्यायला आला. खाली गाडीत सामान भरलं जात होतं आणि मणियार प्रत्येक मजल्यावर दम घेत गच्चीवर आले. हल्ली माझ्याकडेच असायचा तो आयग्लास मी त्यांच्यापुढे धरला.

"ठेवा तुम्ही. माझा डोळा आता शोभेचा आहे."

गुलाब न्यायचा का, विचारलं. म्हणाले, "अकराव्या मजल्यावर? त्याला खाली बघून चक्कर येईल. इथेच बरा." मग एक पान उलटं केलं, त्यावरून अंगठा फिरवला, आणि ते तसंच माझ्याकडे धरलं.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"हे बघून सांगताय की फोनवरून?"

मी आयग्लास लावला, पान उजेडाकडे केलं, शिरेच्या दोन्ही बाजू पाहिल्या. वेळ घेतला. "बघून सांगते, मणियारभाई. काही नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. मला त्यांची पाठ दिसत होती. गळ्यात आता दोरा नव्हता.

त्यानंतर दर शुक्रवारी सलीम कंपनीत जाण्याआधी येऊन फूल घेऊन जाई. गेल्या महिन्यात तो एका मंगळवारी आला. झाडावर तीन फुलं होती, ती तिन्ही तोडून रुमालात दिली. दोन जागी ठेवायची होती.

आता काय उरलं आहे ते सांगते. गुलाब त्याच बादलीत आहे. त्याच्या दोन फांद्या मी लावल्या, दोन्ही लागल्या. एक सलीमकडे अकराव्या मजल्यावर गेली, आणि तिला चक्कर आलेली नाही. दुसरी टाकीमागे एकटी ठेवली आहे, तिचे तीन आठवडे अजून व्हायचे आहेत. कुंड्यांच्या रांगा मी पुन्हा केल्या नाहीत. आयग्लास गच्चीच्या दारामागे खिळ्याला आहे. आज सकाळी गुलाबाची सात पानं उलटली. मागे काही नाही. बघून सांगते आहे.

तुमची,
आजी